अथेन्सचं अगोरा संग्रहालय: सहा मिनिटांच्या भांड्यासाठी जा

गेली बावीस वर्षं मी मुलांना वक्तृत्व स्पर्धेसाठी तयार करते. पाचव्या मिनिटाला पहिली घंटा, सहाव्याला दुसरी. त्यामुळे अगोरा, म्हणजे अथेन्सच्या प्राचीन बाजारचौकातल्या संग्रहालयात ते वेळ मोजायचं मातीचं भांडं दिसलं आणि माझे पाय तिथेच खिळले.

आपलं घटिकापात्र पाण्यात बुडतं. यात मात्र पाणी भरायचं आणि बुडाशी असलेल्या तोटीतून ते वाहू द्यायचं. सुमारे ६.४ लिटर, म्हणजे साधारण सहा मिनिटं. धार आटली की कोर्टातला वक्ता थांबला.

प्लेटोने वक्तृत्वाला जिभेचे चोचले पुरवणाऱ्या पाककलेच्या पंगतीत बसवलं, हे कॉलेजात वाचलं तेव्हा मनाला लागलं होतं. भांड्यासमोर त्याचा राग कळला. ‘गॉर्जियस’ संवादातला सॉक्रेटिस म्हणतो, एवढ्या जमावाला थोडक्या वेळात न्याय-अन्याय शिकवता येत नाही, नुसता पटवता येतो. इ.स.पू. ३९९ मध्ये त्याच्याच जिवाचा निकाल एका दिवसात लागला. प्लेटोने लिहिलेल्या बचावात तो सांगतो, की अशा खटल्याला जास्त दिवस मिळाले असते तर तुम्हाला माझं पटलं असतं.

तरी माझं मन अ‍ॅरिस्टॉटलकडे जातं. सत्य आणि न्याय मुळात बळकट; ते हरले तर मांडणारे कमी पडले, असं तो मानतो. अंगबळाने स्वतःला वाचवता न येण्याची लाज वाटते, मग बोलून वाचवता न येण्याची का वाटू नये, हा त्याचा सवाल. खरं काय ते माहीत असून घंटेच्या धाकाने अडखळणारी मुलगी माझ्या प्रत्येक बॅचमध्ये असते. मी शिकवते ती तिच्यासाठी.

न्यायमंडळाच्या काशाच्या चकत्याही बघाच. मधोमध छोटा दांडा: पोकळ असेल तर मत फिर्यादीला, भरीव असेल तर आरोपीला. दांड्याची टोकं अंगठा आणि बोटाच्या चिमटीत झाकली, की कोणती टाकली ते शेजाऱ्यालाही दिसत नाही. मी रिकाम्या चिमटीने करून पाहिलं. समोरच्याने कितीही रंगवून सांगितलं, तरी शेवटी प्रत्येकजण आपापल्या चिमटीशी एकटा.

इमारत म्हणजे अ‍ॅटलोस राजाचा स्तंभमंडप, १९५०च्या दशकात पुन्हा उभारलेला. लांबच लांब, सावलीचा. आमच्या टूरवाल्यांनी पाऊण तास दिला होता, तो अजिबात पुरला नाही. दुसऱ्या दिवशी मी एकटी परत गेले. तुम्ही निदान दोन तास ठेवा. घाई असेल तर वरच्या मजल्यावरची शिल्पं सोडा, खालचं दालन सोडू नका.