जळगावचा जर्मन क्लास: रविवारच्या मुलाखतींसाठी तरी जाच
चार महिने झाले भुसावळहून दर रविवारी गाडी पकडून जळगावला जातेय, हॉस्पिटलमधल्या बऱ्याच जणी विचारतात क्लास कसाय म्हणून एकदाच लिहून टाकते. नाव नाही टाकत, खाली तक्रार पण आहे. २०२४ ला आपल्या सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला आणि मग मीही नर्सिंगच्या जोरावर उडी मारली.

ग्रामर ठीकठाक, कुठेही मिळेल तसंच. खरा माल रविवारी. सर एक इंग्रजी आणि एक जर्मन राजकीय मुलाखत लावतात. मी म्हटलं पुढारी ऐकून पेशंटशी काय बोलणार बाई, पण कान तिथेच उघडले.

पहिल्यांदा लावली १९९७ ची बीबीसीची. जेरेमी पॅक्समन माजी गृहमंत्री मायकल हॉवर्डना एकच प्रश्न डझनभर वेळा विचारतो, तुरुंग खात्याच्या प्रमुखाला तुमचा निर्णय मी फिरवीन अशी धमकी दिली होती का, आणि हॉवर्ड दरवेळी बाजूने निघून जातात. (पुढची टेप तयार नव्हती म्हणून ताणलं असं पॅक्समननेच नंतर सांगितलं, हसून हसून पुरेवाट.) इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू', त्यामुळे मान ठेवला की काढला ते सुरावरूनच ओळखायचं.

जर्मनमध्ये 'झी' म्हणजे आपलं तुम्ही, 'दू' म्हणजे तू. एआरडी चॅनेलच्या उन्हाळी मुलाखतींत नेत्याला कितीही कोंडीत धरलं तरी झी काही सुटत नाही, टोचणी असते ती 'डोख', 'या', 'हाल्ट' असल्या बारक्या जर्मन शब्दांत. 'तुम्हीच तर म्हणाला होतात की' यातला तो 'की' आहे ना, तोच डोख! पुस्तकात वाचून हे कधी कळलं नसतं. जर्मनमध्ये गौण वाक्यात क्रियापद शेवटी येतं त्याचा मात्र आपल्याला त्रास नाही, आपण आयुष्यभर तेच करतोय.

सगळ्यात भारी तास मर्केलबाईंचा, म्हणजे तेव्हाच्या जर्मन चान्सलर. ३१ ऑगस्ट २०१५, निर्वासितांचा विषय, 'वीर शाफन दास'. खरं तर ती पत्रकार परिषद, मुलाखत नाही, पण सर म्हणाले मराठीत करा. मी लिहिलं 'आपण हे करू', शेजारची म्हणे 'आम्ही हे करू', आणि पेटलं ना भांडण! कारण ऐकणारा त्यात धरला की नाही हे जर्मन 'वीर' सांगत नाही, इंग्रजी 'वी' पण नाही, मराठीत मात्र पुढाऱ्याला तिथेच पकडता येतं. मागून एक धुळ्याचा ओरडला, 'आपन करसूत भो!', मग सर पण हसले.

आता तक्रार. पंधराची बॅच सांगून अठ्ठावीस बसवतात, मे महिन्यात त्या खोलीत भरीत होतं आपलं. रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकत नाहीत. आणि होमवर्कला छापील मुलाखती देतात, जर्मनीत त्या छापण्याआधी बहुतेक वेळा नेत्याला दाखवून मंजूर करून घेतात हे सरांनीच सांगितलं, मग त्यात अडखळणं, डोख-बिख सगळं घासून गुळगुळीत, त्याचा कानाला काय उपयोग?

चार स्टार. डेमोला रविवारीच जा आणि पुढच्या बाकावर बसा, त्या स्पीकरचा आवाज तिसऱ्या ओळीच्या मागे जात नाही.