मोठेबाबांचं कार्टियर आणि बर्डीतले घड्याळवाले काका

मोठेबाबा कुवेतहून परतले तेव्हापासून हे चौकोनी कार्टियर घड्याळ आमच्या घरात "अख्खं सोन्याचं" म्हणून ओळखलं जायचं. मागच्या वर्षी वाटणीत ते माझ्याकडे आलं, तेव्हा चुलतभावाने दोन दिवस अबोला धरला होता. घड्याळ बंद होतं ते वेगळंच.

मॉलमधल्या एका चकचकीत दुकानात झाकणसुद्धा न उघडता "मुंबईला पाठवावं लागेल" म्हणाले. मग मैत्रिणीच्या सांगण्यावरून नागपुरातल्या बर्डीला (सीताबर्डी बाजारात), मोदी नंबर २ च्या गल्लीत गेले. दुकान कसलं, जिन्याखालची टपरीच. गाडी लावायला जागा शोधण्यात वीस मिनिटं गेली.

काकांनी डोळ्याला भिंग लावलं, घड्याळ उलटं केलं आणि मागचा ९२५ चा शिक्का मला दाखवला. "चांदी आहे ताई. वरून सोनं चढवलेलं." पट्ट्याजवळच्या कोपऱ्यात खरंच पांढरं दिसत होतं, चाळीस वर्षं शर्टाच्या बाहीला घासून सोनं तिथून गेलेलं. मी म्हटलं, पॉलिश करून द्या. तर म्हणाले, "नका करू. जे उरलं तेही उडून जाईल, मंग नाव माह्यावर येईल."

त्यांना यात शंभर रुपये जास्त मिळाले असते. म्हणून हे लिहायला बसले.

घरी येऊन वाचलं तर काकांचं बरोबर. कार्टियर १८४७ चं, पॅरिसचं, राजेरजवाड्यांचे सराफ. १९२८ मध्ये पतियाळाच्या महाराजांचा हिऱ्यांचा हार यांनीच घडवला. 'टँक' घड्याळाचा आकार संस्थापकाच्या नातवाने, लुई कार्टियरने, १९१७ मध्ये काढला. पहिल्या महायुद्धातला रणगाडा वरून पाहिल्यासारखा तो दिसतो म्हणतात: दोन बाजूंच्या उभ्या पट्ट्या म्हणजे त्याच्या चाकांवरच्या साखळ्या. मला आधी ते कधी दिसलं नव्हतं, आता दुसरं काही दिसतच नाही. पुढे सेलवर चालणाऱ्या स्वस्त क्वार्ट्झ घड्याळांचा सुळसुळाट झाला, तेव्हा १९७७ मध्ये कंपनीने हेच टँक चांदीवर सोनं चढवून 'मस्ट' नावाने काढलं. म्हणजे मोठेबाबांना कुणी फसवलं नव्हतं. फक्त आम्हीच कधी मागचा शिक्का वाचला नाही.

आत सेल फुटून गंज आला होता. काकांनी तो साफ केला, नवा सेल टाकला. चावीवरचा निळा खडा मूळचाच ठेवला. साडेसातशे घेतले. जुना सेल कागदात गुंडाळून परत दिला.

तक्रार एकच. "आठ दिवसांत देतो" म्हणाले आणि तीन आठवडे लावले. फोन उचलत नाहीत. दुपारी दोन ते चार तर जाऊच नका, जेवायला गेलेले असतात. पट्ट्याचं माप अजून त्यांच्याकडेच पडून आहे.

चुलतभावाला सगळं सांगितलं. आता तो म्हणून राहिला, "चांदीचंच आहे तर ठेव तुझ्याकडे."