सॅटच्या ‘व्होकॅब’च्या नावाखाली ६४,९०० रुपयांना गंडवलं

मुलगी बारावीत आहे, पदवीला अमेरिकेत जायचं म्हणते, म्हणून सॅट, म्हणजे तिथल्या कॉलेजांची प्रवेश परीक्षा, द्यायची. क्लासवाल्यांना आमचा नंबर कुणी दिला देव जाणे, पण फोन सुरू झाले. “मॅडम, मॅथ्स होईल तिचं, पण इंग्रजीत आपली मुलं मार खातात. व्होकॅबच नसतं.” मी मराठी माध्यमात शिकलेली. ऑफिसात इंग्रजी मेल पाठवायच्या आधी आजही दोनदा वाचते. नेमकं कुठे बोट ठेवायचं हे या लोकांना बरोबर कळतं.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. मोफत डेमो, “आज घेतलं तरच” सवलत, भिंतीवर हसऱ्या मुलांचे फोटो आणि खाली १५५०, १५७० असे स्कोअर. फी ६४,९००. त्यातले ९,९०० मी तिथेच यूपीआयने भरले, उरलेले ५५,००० “बिनव्याजी हप्त्यांनी द्या”. रजिस्ट्रेशनसाठी म्हणून आधार, पॅन आणि ओटीपी घेतला. तो ओटीपी एका फायनान्स कंपनीच्या कर्जाचा निघाला! ५,००० चे ११ हप्ते, माझ्या नावावर. क्लासला रक्कम एकदम मिळाली, तो मोकळा. ओटीपीचा मेसेज शेवटच्या शब्दापर्यंत वाचा, समोरचा कितीही घाई करो.

पण जीव जळतो तो त्या वर्डबँकेमुळे. क्लासने दिलेलं स्पायरल बांधणीचं जाडजूड पुस्तक, म्हणे ४,००० शब्द. मुलगी चाळत होती. एका पानावर ‘लेखकाला पेन, तर सुताराला काय’ अशा धर्तीचे जोड्यांचे प्रश्न. पानाखाली छापील आकडा २१३, आणि त्याच्या शेजारी शिक्क्याने मारलेला १४. कुठल्या तरी जुन्या पुस्तकाची सरळसरळ झेरॉक्स. मुलगी हळूच म्हणाली, “आई, ब्लूबुकमध्ये असे प्रश्न नाहीत.” क्लासच्या काउन्सेलरने ते ऐकलं. “ते फुकटचं ॲप आहे गं, बेसिक असतं.” आणि मी मुलीलाच गप्प बसवलं. एवढ्या आत्मविश्वासाने कुणी सांगितलं तर माझ्यासारख्या आईने कुणाचं ऐकावं, सतरा वर्षांच्या पोरीचं की ‘तज्ज्ञा’चं?

ब्लूबुक हे परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाचं स्वतःचं ॲप आहे. डिजिटल सॅट त्यावरच होते आणि त्यातल्या पूर्ण सराव परीक्षा फुकट असतात. जोड्यांचे प्रश्न सॅटमधून २००५ मध्येच गेले. घोकलेल्या अवघड शब्दांवर चालणाऱ्या जुन्या रिकाम्या जागा २०१६ मध्ये गेल्या. आता इंग्रजीला ६४ मिनिटांत ५४ प्रश्न असतात. शब्दांचेही प्रश्न येतात, पण चार ओळींच्या उताऱ्यात कोणता शब्द अर्थाने बसतो, एवढंच विचारतात. त्यासाठी वाचन लागतं, यादी नाही. खान अकॅडमीवर सगळी तयारी फुकट आहे. म्हणजे माझ्या मुलीने वीस वर्षांपूर्वीच्या परीक्षेचे शब्द घोकले, तेही पैसे मोजून!

फी परत मागितली तर पावतीवरचं ‘नॉन रिफंडेबल’ दाखवलं. पोलीस ठाण्यात गेले. तिथले साहेब मोबाइलवरची नजर न काढता म्हणाले, “ओटीपी तुम्हीच दिला ना? मग फसवणूक कसली?” अर्जावर पोहोच द्यायलाही तयार नव्हते. फायनान्स कंपनी म्हणते, क्लासशी आमचा संबंध नाही, हप्ता चुकला तर सिबिल बिघडेल. बँकेत ऑटो-डेबिट थांबवायला गेले तर “कंपनीकडून पत्र आणा”. कंपनी पत्र देत नाही. सगळे कायदेशीर, सगळे बरोबर, चुकीची फक्त मी! कर भरतो आम्ही, आणि साधी तक्रार लिहून घ्यायला हातापाया पडायचं? क्लासवाले बिनधास्त आहेत ते याच भरवशावर.

डिजिटल कर्ज सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत दंड न भरता परत करता येतं, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मला तो कळला तोवर मुदत गेली होती. स्कोअरची हमी देणाऱ्या जाहिरातींना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मनाई केली आहे, तेव्हा पत्रकांचे आणि भिंतीवरच्या बोर्डांचे फोटो काढून ठेवा. व्हॉट्सॲप चॅट डिलीट करू नका. ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही.

मी तिथे क्लास आणि फायनान्स कंपनी या दोघांवरही तक्रार दाखल केली आहे. ६४,९०० पूर्ण मागितलेत, त्रासाची भरपाई वेगळी. ती झेरॉक्स वर्डबँक पुरावा म्हणून जोडली आहे.