साफ करून देतो म्हणणाऱ्याच्या हाती घरची जुनी नाणी देऊ नका

चांदीचा जुना रुपया कुणी साफ करून चकचकीत परत आणला, तर आधी तो काट्यावर ठेवा. पंचवटीत राहणाऱ्या माझ्या आत्याचे रुपये असेच लखलखीत होऊन आले. ते तिचे नव्हतेच.

आत्याच्या सासरी सात जुने रुपये आणि ओंजळभर शिवराया, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी, दरवर्षी लक्ष्मीपूजनाला मांडल्या जातात. रुपये काळपट पडलेले, अक्षरांच्या खाचांत हळदकुंकू बसलेलं. ओळखीच्या ओळखीतून एक गृहस्थ ते बघायला आले. फारसी वाचता येतं म्हणाले. १९०६ साली नाशिकजवळच्या जोगलटेंभीला सापडलेली तेरा हजारांवर चांदीची नाणी, क्षत्रप राजा नहपानाच्या नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने मारलेले आपले ठसे, यावर ते बराच वेळ बोलले. ही माहिती खरी आहे आणि तिच्यामुळेच घरच्यांचा विश्वास बसला. मग म्हणाले, "काकू, हा मळ नाण्याला आतून खातो. आठवड्यात साफ करून देतो, कोणत्या राजाचं तेही लिहून देतो. रसायनाचे तेवढे पैसे द्या."

नाणी परत आली ती लॅमिनेट केलेल्या कार्डांसकट. कार्डांवर 'अकबराचा रुपया' असं लिहिलेलं. आत्याने मला बोलावलं ते कौतुकाने दाखवायला.

सगळे रुपये ओळीत मांडले आणि दोन रुपयांच्या कडेला एकाच जागी, एकाच आकाराची चीर दिसली. तिथेच शंका आली. मुघल-मराठा काळचा रुपया हाताने पाडलेला असे. चांदीची चकती खालच्या ठशावर ठेवायची, वरचा ठसा टेकवायचा आणि हातोड्याचा घाव घालायचा. ठसा बहुधा चकतीहून मोठा, म्हणून काही अक्षरं बाहेर राहतात. कोणती राहतील ते त्या त्या घावावर अवलंबून. कड तडकते तीही प्रत्येक नाण्यावर वेगळीकडे. एकाच ठशाचे दोन रुपये असू शकतात, पण ठसा तितकाच सरकलेला आणि वर चीरही तीच, असे दोन रुपये निघत नाहीत. तसे दिसले तर एका खऱ्या नाण्यावरून साचा करून ते ओतलेले आहेत. भिंगाखाली कडेला कानशीने घासलेली जोडाची रेघ आणि मोकळ्या जागेत बुडबुड्यांचे बारीक खड्डेही दिसले.

ओळखीच्या सराफाकडे वजन केलं. या काळातला, फारसा न झिजलेला रुपया अकरा ग्रॅमच्या वर भरतो. हे साडेनऊच्याही आत. चांदीची घनता १०.५, जर्मन सिल्व्हरची (चांदीसारखा दिसणारा, पण चांदी नसलेला मिश्रधातू) पावणेनऊच्या आसपास, त्यामुळे त्याच मापाचा तुकडा तेवढाच हलका भरतो. चुंबक लावून हे कळणार नाही, दोन्ही धातू त्याला चिकटत नाहीत.

पक्का पुरावा मिळाला तो काकांच्या वहीत. काका हयात असताना त्यांनी प्रत्येक रुपयावर कागद ठेवून, पेन्सिल फिरवून त्याचा ठसा उतरवला होता आणि खाली नोंद केली होती. काही रुपये चांदवडच्या टांकसाळीतले, चांदोरी. एक गुलशनाबादचा, म्हणजे आपल्या नाशिकचाच. मराठ्यांच्या टांकसाळीतही दिल्लीच्या बादशहाच्या, शाह आलमच्या नावाने रुपये पडत. अकबर त्याच्या कितीतरी आधीचा. पेन्सिलीच्या ठशांत कडेचे सराफी छाप, म्हणजे चांदी पारखायला मारलेल्या बारीक खुणा, स्वच्छ उमटल्या आहेत. परत आलेल्या एकाही रुपयावर त्या तिथे नाहीत.

शिवराया त्या गृहस्थाने बदलल्या नाहीत, तेजाबात घातल्या. 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' ही अक्षरं आधीच झिजलेली होती, आता काहींवर ती हाताला लागतही नाहीत. नुसतं लालभडक तांबं राहिलंय. मला रुपयांपेक्षाही याचं जास्त वाईट वाटतं. चोरलेला रुपया कुठेतरी शाबूत असेल, ही अक्षरं मात्र कायमची गेली.

तांब्यावरचा तपकिरी-हिरवा घट्ट थर आणि चांदीवरचा काळा थर यांना मळ समजू नका. तो धातूवर बसलेला जुना थर आहे, त्याच्या आत अक्षर टिकतं. नाण्याला खरोखर आतून खाणारा रोग आहे तो वेगळा: तांब्यावर फिकट हिरवी, बोटाला लागणारी भुकटी. ती दमटपणाने वाढते. असं नाणं बाजूला काढून कोरडं ठेवा आणि जाणकाराला दाखवा. बाकी नाण्यांना डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवायचं, पाणी बदलत राहायचं, माती सुटली की बांबूच्या काडीने हलकेच काढायची आणि सुती कापडाने टिपायचं, चोळायचं नाही. तेलकटपणा असेल तर शुद्ध अ‍ॅसिटोन, खिडकी उघडी ठेवून, देवघरातल्या दिव्यापासून आणि गॅसपासून लांब. लिंबू, चिंच, भांड्यांची पावडर, टूथपेस्ट यातलं काहीही नको. पीव्हीसीच्या मऊ पिशव्याही नकोत, त्यांनी नाण्यावर हिरवट चिकटा धरतो. आणि शंका असेल तर साफ करूच नका, संग्राहकाला काळा रुपयाच हवा असतो.

नाणी ओळखायला शिकायचं असेल, तर त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणेशास्त्राच्या संशोधन संस्थेचं संग्रहालय आहे. खऱ्या नाण्यांची अक्षरं एकदा डोळ्यांत बसली, की ओतीव नाण्याची गुळगुळीत, सुजलेली अक्षरं ओळखू येतात.

जाताजाता त्या गृहस्थाने आत्याला एक शिवकालीन होनही, म्हणजे सोन्याचं नाणं, देऊ केला होता, 'वाड्याचा पाया खोदताना सापडलेला, घरच्या भावात'. अस्सल होन फारच थोडे उपलब्ध आहेत. शिवाय जमिनीत सापडलेला दहा रुपयांवरचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो, तो १८७८ चा कायदा अजून लागू आहे. होन आत्याने घेतला नाही.

पोलिसांकडे अर्ज दिला आहे. सोबत काकांच्या वहीच्या पानांच्या प्रती आणि वजनाची चिठ्ठी जोडली आहे. त्याचा फोन बंद आहे. नाशिकमध्ये आणखी कुणी त्याच्याकडे रुपये दिले असतील, तर ते आटवू नका, विकूही नका. चीर फारसी मजकुराच्या डाव्या कडेला आहे, आत वळलेली, तांदळाच्या दाण्याएवढी. तुमच्या रुपयावर हीच चीर असली, तर दोन वेगळ्या घरांत एकाच साच्यातली नाणी गेल्याचं सिद्ध होईल. तो रुपया आणि जुना एखादा फोटो घेऊन तुम्हीही अर्ज द्या.