लग्नाचं स्टेज: ताजी फुलं की कापड आणि कृत्रिम फुलं?

लातूर असो की परभणी, डेकोरेशनवाला अल्बम उघडतो आणि दोन भाव सांगतो: एक ताज्या फुलांच्या स्टेजचा, दुसरा कापड आणि कृत्रिम फुलांचा. निवड फोटो बघून करू नका. आधी लग्नाची तारीख आणि मुहूर्ताची वेळ बघा.

तुळशीच्या लग्नानंतर, डिसेंबरपर्यंत, शेवंती भरात असते आणि हवाही गार. सकाळी बांधलेली माळ रात्रीपर्यंत टवटवीत राहते. तेव्हा ताजी फुलं खुशाल घ्या. मे महिन्याचं गणित वेगळं. पारा 42 अंशांच्या पुढं, मुहूर्त दुपारी साडेबाराचा आणि लग्न उघड्या मांडवात. पहाटे बांधलेला झेंडू अक्षता पडेपर्यंत मान टाकतो. जरबेरा, डच गुलाब मावळाकडच्या पॉलिहाऊसमधून रात्रभर प्रवास करून येतात, गाडीभाडं फुलांच्या भावात चढतं. फेब्रुवारीत 14 तारखेच्या आसपास तर गुलाबाचं नावच काढू नका. उन्हाळ्यात मोगरा मात्र ऐन हंगामात असतो.

आता खर्च. स्टेज 24 फूट रुंद आणि 10 फूट उंच धरलं, तर मागची बाजू 240 चौरस फूट होते. ती सगळी फुलांनी भरायची, आणि दुसऱ्या दिवशी ती फुलं उकिरड्यावर. त्याऐवजी मागे कापड लावून वरची आणि दोन्ही बाजूंची कडच सजवली, तर 44 फूट माळेत काम होतं. मी हाच पर्याय सुचवेन. कापडही विकत कशाला? घरातलं नऊवार इरकल लुगडं उलगडलं की 27 फूट भरतं, म्हणजे एकच लुगडं स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरतं. दोन-तीन एकाखाली एक लावा, पण टाचण्या नको, चिमटे वापरा. आजीची पैठणी मात्र पेटीतच राहू द्या, जरीची तार ओढली गेली की संपलं.

कृत्रिम फुलांचा सेट भाड्याचा असतो, कित्येक लग्नं फिरून आलेला. अल्बममधला फोटो तो नवा असतानाचा. गोदामात जाऊन प्रत्यक्ष बघा: रंग उडालाय का, धूळ बसलीय का. थर्माकोलची कमान सुचवली तर सरळ नाही म्हणा. सजावटीच्या थर्माकोलवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे.

हार, मुंडावळ्या, गजरे आणि दारावरचं आंब्याचं तोरण यांत काटकसर नको. नवरा-नवरीच्या गळ्यात प्लास्टिकचा हार बघवत नाही, आणि स्टेजच्या मानानं हा खर्च किरकोळ असतो.

विसार देण्याआधी मंगल कार्यालयात एक विचारा: बाहेरचा डेकोरेशनवाला चालतो का? काही ठिकाणी त्यांचाच घ्यावा लागतो, मग भाव करायला जागा उरत नाही. वाहतूक, लायटिंग, जनरेटर आणि 18 टक्के जीएसटी सांगितलेल्या आकड्यात धरलाय की वरून लागणार, हे कागदावर लिहून घ्या.