बाळाच्या गॅसवरचे थेंब: औषध सौम्य, ड्रॉपर बेभरवशाचा

माझी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. नात पाच आठवड्यांची झाली आणि रोज दिवेलागणीला तिचे रडणे सुरू होऊ लागले. पाय पोटाशी घ्यायची, मुठी आवळायची आणि दोन-दोन तास कोणाच्याही खांद्यावर शांत व्हायची नाही. बालरोगतज्ज्ञांनी तिला तपासले, वजन व्यवस्थित वाढत असल्याची खात्री करून घेतली आणि सिमेथिकोनचे थेंब लिहून दिले. अर्धा मिलीलीटर, गरज पडल्यास संध्याकाळी दोनदा, असे प्रमाण होते. सहा आठवड्यांत 15 मिलीलीटरच्या तीन बाटल्या वापरल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण याच घटकांचे थेंब अनेक कंपन्या विकतात आणि मला जे सांगायचे आहे ते बहुतेक सगळ्यांनाच लागू पडते.

आमच्या बाटलीत दर मिलीलीटरला 40 मिलिग्रॅम सिमेथिकोन होते आणि सोबत शेपूच्या बियांचे व बडीशेपेचे तेल अगदी नाममात्र होते. शेपूच्या बिया म्हणजे बाळंतिणीला जेवणानंतर चघळायला देतात त्याच बाळंतशेपा, हे कळल्यावर घरातल्या जुन्या मंडळींचा या औषधावरचा अविश्वास एकदम ओसरला. खरे काम मात्र सिमेथिकोनचे असते. ते पोटातल्या बुडबुड्यांचा पृष्ठताण कमी करते, त्यामुळे लहान बुडबुडे एकमेकांत मिसळतात आणि हवा ढेकरेवाटे किंवा खालून सहज निघून जाते. ते रक्तात शोषले जात नाही, शीतून जसेच्या तसे बाहेर पडते, आणि त्याची सुरक्षितता प्रामुख्याने यातच आहे.

परिणामाबद्दल मात्र मी हातचे राखूनच बोलेन. अशा रडण्यावर सिमेथिकोनची तुलना औषध नसलेल्या द्रवाशी करून पाहिली गेली, तेव्हा दोहोंत ठळक फरक दिसला नाही. हे रडणे साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वाधिक असते आणि तीन-चार महिन्यांत आपोआप थांबते, त्यामुळे त्या काळात जे काही चालू असेल त्याच्या पदरात श्रेय पडते. आमच्याकडे ते बेंबीभोवतीच्या हिंगाच्या लेपालाही मिळाले. दूध पाजून झाल्यावर नातीला उभे धरून ढेकर काढण्यात आम्ही जो वेळ घालवला, त्याचा उपयोग मला थेंबांहून अधिक वाटला.

तक्रार आहे ती ड्रॉपरबद्दल. पहिल्या बाटलीच्या ड्रॉपरवरची अर्ध्या मिलीलीटरची खूण आठवडाभरात धुऊन धुऊन पुसट झाली, आणि माहितीपत्रक इतक्या बारीक इंग्रजी अक्षरांत होते की मला चष्म्यावर भिंग धरावे लागले. त्यातच मुलीच्या नणंदेने न्यू जर्सीहून तिकडच्या थेंबांची बाटली पाठवली. तिच्यात 0.3 मिलीलीटरमध्ये 20 मिलिग्रॅम औषध होते, तर आपल्याकडच्या बाटलीत तेवढ्याच औषधाला 0.5 मिलीलीटर लागतात. आपला ड्रॉपर अर्ध्या मिलीलीटरपर्यंत भरून तिकडचे औषध दिले असते, तर एका वेळी सुमारे 33 मिलिग्रॅम गेले असते. सिमेथिकोनच्या बाबतीत हा फरक सहसा गंभीर ठरत नाही, पण ड्रॉपरची अदलाबदल करायची सवय एकदा लागली की ती तापाच्या औषधापर्यंत पोहोचते, आणि तिथे ती महागात पडू शकते. म्हणून ज्या बाटलीचा ड्रॉपर त्याच बाटलीसाठी, आणि ‘थेंब’ मोजण्यापेक्षा मिलीलीटरची खूण पाहायची, असा नियम आम्ही केला. खूण दिसेनाशी झाली तेव्हा औषधाच्या दुकानातून एक मिलीलीटरची सुई नसलेली सिरिंज आणली, ती फार सोयीची पडली.

याहून मोठा धोका तिसऱ्या बाटलीच्या वेळी समोर आला. दुकानदाराने जवळजवळ त्याच नावाची आणि तशाच रंगाच्या खोक्यातली दुसरी बाटली हातावर ठेवली. मी हटकल्यावर म्हणाला, ‘‘आजी, दोन्ही पोटदुखीचीच आहेत.’’ खोक्यावर सिमेथिकोनबरोबर डायसायक्लोमिन लिहिले होते. आतड्यांची उबळ कमी करणारे हे औषध सहा महिन्यांखालील बाळांना वर्ज्य आहे, कारण त्याने श्वास घेण्यास त्रास होणे, झटके येणे असे प्रकार लहान बाळांत घडलेले आहेत. मी बाटली तिथेच परत केली. नावावर विसंबून न राहता खोक्यावरचे घटक वाचूनच बाटली घ्यावी, ही या अभिप्रायातली सर्वांत महत्त्वाची सूचना समजावी.

देण्याची पद्धत साधी आहे, पण घाईत तीच चुकते. औषधाचा साका खाली बसतो, म्हणून बाटली दर वेळी नीट हलवावी. बाळाला आडवे न ठेवता डोके उंचावून मांडीवर घ्यावे आणि औषध घशात न सोडता गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडावे. ड्रॉपर तोंडाला लागला तर धुऊन, कोरडा करूनच बाटलीत घालावा. जायफळ उगाळलेली गुटी आम्ही या काळात बंद ठेवली. मध तर वर्षाखालच्या बाळाला द्यायचाच नसतो. थायरॉइडची गोळी चालू असलेल्या बाळाच्या बाबतीत डॉक्टरांना आधी विचारावे, कारण सिमेथिकोनमुळे त्या गोळीचे शोषण कमी होऊ शकते आणि दोन्हींत साधारण चार तासांचे अंतर ठेवावे लागते.

हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, फुगून टणक झालेले पोट, दूध न ओढणे, बाळ मलूल पडणे किंवा तीन महिन्यांखालच्या बाळाला 100.4 फॅरनहाइट अथवा त्याहून अधिक ताप, यांपैकी काहीही दिसले तर थेंब देऊन वाट पाहू नये, तडक दवाखाना गाठावा.

नात अकरा आठवड्यांची होईपर्यंत संध्याकाळचे रडणे ओसरले होते. तिसऱ्या बाटलीत थोडे औषध शिल्लक होते. शेजारच्या सुनेने तिच्या बाळासाठी मागितले, पण मी दिले नाही. उघडलेली बाटली, दुसऱ्याच्या बाळाचा ड्रॉपर आणि तिच्या डॉक्टरांनी ठरवून न दिलेले प्रमाण या तिन्ही गोष्टी मला पटण्यासारख्या नव्हत्या.