कॅनव्हासचा स्वॅग की नायलॉनचा तंबू?
ऑस्ट्रेलियाच्या आउटबॅकमध्ये (आतल्या ओसाड, निर्जन भागात) गाडीने फिरणार असाल तर स्वॅग घ्या, म्हणजे गादीसकट गुंडाळून नेता येणारं कॅनव्हासचं अंथरूण. पाठीवर सामान घेऊन चालणार असाल तर त्याचा विचारही नको. एकट्याचा स्वॅग साधारण १० ते १५ किलोचा भरतो, नायलॉनचा हलका तंबू २ किलोच्या आसपास.

स्वॅगमध्ये ५ ते ७ सेंमी जाडीची फोमची गादी आतच असते. पट्टे सोडा, उलगडा, झोपा. शेकोटीची ठिणगी उडाली तर नायलॉनला लगेच भोक पडतं, जाड कॅनव्हास सहसा निभावून नेतो.

पण नवा कॅनव्हास थेट पावसात नेऊ नका. आधी घरी साध्या पाण्याने चिंब भिजवून पूर्ण वाळवा, असं दोन-तीनदा. धागे फुगतात आणि शिलाईतली सुईची भोकं बुजतात. साबण मात्र नको, पाणी अडवणारा थर उतरतो. ओला गुंडाळावा लागलाच तर घरी पोचताच उघडा. बुरशीचे काळे डाग एकदा पडले की निघत नाहीत. गादीखाली ओल धरते, म्हणून गादीही रोज सकाळी उचलून बघावी (हे बहुतेक जण विसरतात). तंबूची ही कटकट कमी, मात्र तिथल्या कडक उन्हात नायलॉनचं कापड लवकर विरतं.